जिन्यात डबा नसलेला दवाखाना

तुम्हाला तोंडावर ‘नाही’ असं शेवटचं कोण म्हणालं?

आठवून बघा. घाई नको. घरातलं कुणी म्हणालं असेल, एसटीचा कंडक्टर म्हणाला असेल, भाजीवाली म्हणाली असेल. आज सकाळीच म्हणालं असेल तर तुमचं बरं चाललंय. पण बरेच दिवस कुणीच म्हणालं नसेल, भेटेल तो मान डोलवत असेल, उघडाल तो पडदा तुमच्या मनातलंच दाखवत असेल, तर सावध व्हा. तुम्ही कुणाच्या तरी यंत्रात बसलेले असू शकता.

ही अक्कल माझी नाही. वाठोरे बाईंची आहे. बाई आता नाहीत, म्हणून मी ती तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

बाईंचं पूर्ण चरित्र सांगायला बसले तर बाईच वरून ओरडतील, “मुद्द्याला ये.” तेव्हा एवढंच सांगते. अर्धापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, राहायला नांदेडला आमच्या वस्तीत, आमच्या घरापासून चार दारं सोडून. बुटक्या, काटक, आवाज शाळेच्या घंटीसारखा. हातात बारा महिने छत्री, आणि ती कधी उघडलेली कुणी पाहिली नाही. पाऊस आला तर त्या दुसऱ्याच्या छत्रीत शिरायच्या. “माझी छत्री दाखवायला हाय,” म्हणायच्या. कुणाला दाखवायला, ते रस्त्यातल्या मोकाट कुत्र्यांना आणि वस्तीतल्या दारुड्यांना बरोबर ठाऊक होतं.

आणि बाईंना टीव्हीचं वेड होतं. सासू-सुनांच्या मालिका नाहीत, कीर्तनं नाहीत, बातम्या तर नाहीतच. बाईंना लागायच्या परदेशी विज्ञानकथांच्या मालिका, हिंदीत आवाज दिलेल्या. रविवारी दुपारी बाईंच्या पुढच्या खोलीत वस्तीतली आम्ही सगळी पोरं चटईवर दाटीवाटीनं बसायचो. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर रबर. कोपऱ्यात टोपलीत केळी. अर्धापूरला केळीला काय तोटा! वस्तीतल्याच कमलमावशीचे मालक तिथंच केळीच्या गाड्या भरायला जायचे, त्यांच्याकडून बाईंकडं घड यायचा.

ही केळी बक्षिसाची होती, आणि बक्षिसाची रीत बाईंची स्वतःची होती.

त्या मालिकांमधे एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. शत्रू नायकाला पकडतात, पण मारत नाहीत. डोक्याला यंत्र लावतात आणि त्याला एका खोट्या जगात सोडतात. एका भागात अवकाशयानाचा कप्तान डोळे उघडतो तर काय, आपल्या गावी, आपल्या घरी! लढाई संपलेली. अंगणातलं झाड फळांनी वाकलेलं. बायको गरम गरम वाढते आहे, हसते आहे. मधेच हळूच विचारते, “तुमचे बाकीचे साथीदार कुठं लपलेत हो?”

तिथं बाई आवाज बंद करायच्या आणि टीव्हीच्या आडव्या उभ्या राहायच्या.

“खरं का खोटं?”

“खोटं!” आम्ही सगळे बोंबलायचो.

“बोंबलून केळ भेटत न्हाई. कारण सांगा.”

एक पोरगा म्हणाला, “झाडाची पानं हालंनात.” त्याला केळ.

कमलमावशीची प्रज्ञा तेव्हा लहान होती, फ्रॉकला नाक पुसायची. ती म्हणाली, “त्याची बायको कवाधरून वाढायलीय, पण ती सोता जेवंना.” तिला बाईंनी केळ सोलून दिलं.

उत्तर चुकलं आणि कारण चांगलं असलं तरी बाईंकडं केळ मिळायचं. उत्तर बरोबर आणि कारण नाही, तर टोपलीकडं बघायचंसुद्धा नाही. आमच्या शाळांमधे याच्या नेमकं उलटं चालतं, आणि त्याची फळं सगळा देश खातोय. असो.

मग बाईंनी आपलं कारण सांगितलं. “तो आल्यापासून जे जे म्हणायला, त्याला त्याची बायको हो म्हणून राहिली. इतक्या वर्षांनी नवरा घरी आला. कुठं व्हतास, निरोप कामून दिला न्हाईस, एक शब्द विचारला का? भांडली का? जिथं तुम्हाला नाही म्हणणारं कुणीच न्हाई, ते जग दुसऱ्यानं बनवलेलं हाय. पक्कं समजा.”

दारात उभी राहून बघणारी कमलमावशी म्हणाली, “खरं हाय बाई. माझा माणूस बाजारातून उशिरा आला तरी मी त्याला पाणी द्यायच्या आधी दोन शब्द देते.”

“म्हणून तुझा संसार खरा हाय, कमल,” बाई म्हणाल्या आणि आवाज सुरू केला.

पुढं एका भागात नायक त्या खोट्या जगातून सुटतो, पळतो, आपल्या यानात पोचतो. आणि शेवटी कळतं की तेही यान खोटंच, यंत्र अजून डोक्याला लावलेलंच आहे. त्या दिवशी खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रज्ञा रडायलाच लागली.

“बाई, मंग आपुन बी मशीनमधी असलो तर? हे घर, ही केळं, तुमी, सगळं खोटं असलं तर?”

बाईंनी विचार केला. लहान पोरीच्या प्रश्नाला त्या कधी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “थांब जरा. कान दे.”

तेवढ्यात चार घरं पलीकडून कमलमावशीचा आवाज आला, “प्रज्ञे! भांडे काय तुझी आज्जी घासणार हाय का गं? आली न्हाईस तर तंगडं मोडते बघ!”

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. “तुला मनाविरुद्ध भांडे घासायला लावणारं यंत्र अजून कुणी बनवलं न्हाई. जा. खरं हाय सगळं.”

प्रज्ञा डोळे पुसून हसत पळाली.

बाईंचा खोटेपणावर राग होता असं मात्र समजू नका. त्या निवृत्त झाल्या तेव्हा वस्तीनं त्यांना न सांगता विहारात कार्यक्रम ठरवला होता. आठवडाभर सगळे असे वागत होते की जसं काही नाहीच. बाई विहाराशी आल्या, आत हार, पेढे, सतरंजी, भाषणं. त्यांनी डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला, “अगं बाई!” म्हणाल्या. नंतर मला कानात म्हणाल्या, “सोमवारपासून मला ठाऊक व्हतं. नळावर सगळ्याजणी मला पहिला नंबर देऊन राहिल्या. आपल्या वस्तीत? नळावर?”

“मग बोलला का नाहीत?”

“कामून बोलू? कथा पण खोटीच असते, नाटक पण खोटंच. त्याचा दरवाजा उघडा असतो. मला उठून जायचं असतं तर मी गेले असते. खोट्याचा राग धरू नको पोरी. बंद दरवाजाचा राग धर.” हे वाक्य मी त्याच संध्याकाळी प्रज्ञाला सांगितलं.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. माझे वडील, अण्णा, कामगारांच्या सभांची पत्रकं लिहायचे, मी त्या पत्रकांवरच अक्षरं शिकले. मोठी झाल्यावर माझं पहिलं पत्रक मी तावातावानं बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी बडीशेप चघळत शेवटपर्यंत वाचलं. म्हणाल्या, “चांगलं हाय. आग हाय. पण ह्याच्यात तुला नाही कोण म्हणायलंय? एक तरी ओळ तुझ्या विरुद्धची टाक, अन् तिला उत्तर दे. न्हाईतर हे पण गॉगलच हाय, लाल काचेचा.” मी चिडून घरी आले आणि ती ओळ टाकली.

आता गॉगलचं सांगते.

प्रज्ञा बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. दुसरं काही नाही, नर्सच. सरकारी कॉलेजच्या पहिल्या फेरीत तिचं नाव लागलं नाही. पुढच्या फेरीची वाट बघत पोरगी घरात सुकत चालली होती. तेवढ्यात वस्तीत एक रंगीत हँडबिल आलं. लातूरचं एक खाजगी नर्सिंग कॉलेज, नांदेडला एका लॉजच्या हॉलमधे कॅम्प. ‘या, आणि आपलं भविष्य डोळ्यांनी पाहा.’

प्रज्ञा, कमलमावशी, बाई आणि मी गेलो. प्रज्ञाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात टीसी आणि मार्कमेमो म्हणजे गुणपत्रिका, सगळे ओरिजनल. कारण हँडबिलावर तसं लिहिलं होतं.

हॉलमधे टाय लावलेला एक गोड माणूस होता. त्याच्यापुढं टेबलावर ते जाडजूड काळे गॉगल. डोळ्यांना लावले की बाहेरचं काही दिसत नाही, आतलंच जग दिसतं. मान फिरवाल तिकडं ते जगही फिरतं. बाईंनी ते टीव्हीत इतक्यांदा पाहिले होते की ओळखीचा माणूस भेटावा तशा त्या गॉगलकडं बघत होत्या.

आधी प्रज्ञानं लावले. तिचं तोंड उघडंच राहिलं. “आई, केवढा मोठा दवाखाना! किती मशिनी!” मग कमलमावशीला लावले. मावशीनं इकडं-तिकडं पाहिलं, आणि पायानंच चाचपून हळूच चपला काढल्या. इतकी चकचकीत फरशी, चपला घालून कसं जायचं? हॉलमधे हशा पिकला. तेवढ्यात आत कुणी सिस्टर समोरून चालत आली असावी. मावशीनं दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, “जयभीम सिस्टर!”

हॉल आणखी हसला. टायवालाही हसला. “मावशी, तो व्हिडिओ आहे.”

मावशीनं गॉगल काढला. तोंड एवढंसं झालं होतं. “मी जयभीम घातला. ती नुसती हसूनच राहिली. नमस्कार न्हाई, काय न्हाई. माझ्या पोरीला अशा माणसांत ठेवायचं का?”

“आई, गप ना,” प्रज्ञा लाजेनं लाल झाली.

“द्या इकडं,” बाई म्हणाल्या. छत्री माझ्याकडं दिली, गॉगल लावला. बाकीचे बघतात तसं त्यांनी समोर पाहिलंच नाही. त्या गोल फिरल्या, मागं वळल्या, खाली वाकल्या, कुठल्या तरी जिन्याकडं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग काढून टेबलावर ठेवला.

“छान हाय. पेशंट हायत, डॉक्टर हायत, सिस्टर हायत. नातेवाईक कुठं हायत?”

“मॅडम?”

“नातेवाईक. आपल्या मराठवाड्यातला दवाखाना अन् जिन्यात डबा घेऊन बसलेलं एक माणूस न्हाई? खाटेखाली पिशवी न्हाई? वॉचमन कुणावर ओरडून न्हाई राहिला? असा दवाखाना मी अजून पाहिला न्हाई बाबा. कुठं हाय हा?”

“लातूरलाच, मॅडम. आमचाच आहे. पण आज ओरिजनल जमा केले तर सीट पक्की. उद्या माझ्या हातात नाही. किती पोरी वेटिंगवर आहेत!”

प्रज्ञानं फाइल पुढं केली. बाईंनी छत्रीचं टोक हळूच त्या फाइलवर ठेवलं.

“आज झेरॉक्स घ्या. ओरिजनल उद्या, कॉलेज बघून.”

“झेरॉक्स चालत नाही, मॅडम.”

“कामून? तुम्ही आम्हाला दवाखान्याची झेरॉक्स दाखवली, आम्ही मार्कमेमोची झेरॉक्स देतो. तुम्ही खरा दवाखाना दाखवा, आम्ही खरा मार्कमेमो देतो.”

या वेळी हॉल हसला तो टायवाल्याला. पण प्रज्ञा हसली नाही. बाहेर आल्यावर ती रस्त्यातच थांबली आणि रडत बाईंवर ओरडली, “तुम्हाला सगळीकडं तुमची मालिकाच दिसते! सरकारी लिस्टात नाव न्हाई आलं तर? माझं वर्ष गेलं तर? तुम्ही देणार का वापस?”

कारण सांग म्हणणाऱ्या बाईंकडं पोरीनं बरोबर कारण टाकलं होतं. सीट खरी असती तर? बाईंनी पोरीचं स्वप्न छत्रीच्या टोकानं अडवलं असतं. ती भीती बाईंच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा दिसली. शेवटी त्या म्हणाल्या, “मी चुकू शकते, प्रज्ञे. म्हणून तर उद्या बघून येऊ. खरं निघालं तर मी सोता त्या माणसाची माफी मागते अन् तुझे कागद त्याच्या हातात देते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघी एसटीत. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. प्रज्ञा खिडकीत, बाईंना पाठ करून. कमलमावशीनं डबा घेतलेला, भाकरी, ठेचा, सुकं बेसन. दवाखान्यात चाललो तर डबा हवाच, मग पेशंट असो नसो.

रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. तो म्हणाला, “मावशी, तिथं दवाखाना कवा झाला?”

टायरच्या दुकानावरचा मजला. काचेचं दार, आत टेबल, भिंतीवर त्याच चकचकीत दवाखान्याचं चित्र. बाजूच्या खोलीत दोन खाटा, खाटांवर रबरी बाहुल्या, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा. टेबलामागचा साहेब म्हणाला, “हॉस्पिटल प्रस्तावित आहे. तोवर विद्यार्थिनी गॉगलवर प्रॅक्टिकल करतात. एकदम आधुनिक.”

विचार करा. ज्या पोरी उद्या तुमच्या आईला सुई टोचणार, त्यांनी माणसाची शीर गॉगलमधे शोधायची! त्या शिरेतून रक्त येत नाही, तो पेशंट कधी “आई गं” म्हणत नाही. आणि याला आधुनिक म्हणायचं. चिडायचं नाही तर काय करायचं?

बाई तोंड उघडणार तेवढ्यात प्रज्ञा पुढं झाली. फाइल छातीशी धरलेली.

“सर, मी इथं ॲडमिशन घेतलं अन् मला पुढच्या महिन्यात सोडून जायचं असलं, तर माझे ओरिजनल मला वापस भेटतील का?”

साहेबानं चष्मा काढला, पुसला. “असं मधेच सोडायचं कशाला बोलायचं, बाळा? कोर्स पूर्ण झाला की देतोच आपण.”

प्रज्ञानं बाईंकडं पाहिलं. कालपासून पहिल्यांदा. “दरवाजा बंद हाय बाई,” ती म्हणाली.

खाली उतरताना कमलमावशी जिन्यातच थांबली. “मला भूक लागली.” तिथंच पायऱ्यांवर आम्ही डबा उघडला. टायरच्या दुकानातला पोऱ्या पाण्याचा जग देऊन गेला. वरून साहेब डोकावला, “इथं जेवायचं नाही!” म्हणून ओरडला.

बाईंना इतकं हसू आलं की ठेचा मस्तकात गेला. “बघा! जिन्यात डबा आला, वॉचमन ओरडला. आता झाला दवाखाना पुरा!” प्रज्ञासुद्धा हसली. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, ते ठेच्याचं की कशाचं, तिलाच ठाऊक.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. वस्तीत लोक म्हणायचे, हातची सीट घालवली. बाई रोज संध्याकाळी प्रज्ञाच्या दारात जाऊन बसायच्या. मग पुढची फेरी लागली आणि विष्णुपुरीकडच्या सरकारी कॉलेजच्या लिस्टात प्रज्ञाचं नाव आलं. ओरिजनल मागितले, आणि ते तिच्याच फाइलमधे होते. लातूरला दिले असते तर ते नाव लागूनही तिच्या कामाचं नव्हतं. कमलमावशीनं त्या दिवशी केळीचा अख्खा घड वस्तीत वाटला, कुणालाही कारण न विचारता.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते सरकारी दवाखान्यात. डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतर त्या बिलोलीला बहिणीकडं गेल्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिथंच झोपेत गेल्या. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा वॉर्डात नुसता बाजार भरला होता. जिन्यात डबे, खाटांखाली पिशव्या, कुणाची तरी आजी कुणाच्या तरी नातवाला ओरडत होती, वॉचमन सगळ्यांवर ओरडत होता. मधल्या खाटेवर बाई. डोळ्यांना ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर छत्री. चेहरा असा, की जणू रविवारची दुपार आहे.

“हा गॉगल बरा हाय,” त्या मला म्हणाल्या. “ह्याच्यातून जे हाय तेच दिसतं. जरा काळं दिसतं, एवढंच.”

पलीकडच्या खाटेवरच्या पोराच्या मोबाइलवर कसलीतरी मालिका चालू होती. बाई मान लांब करून बघायला लागल्या. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतली शिकाऊ सिस्टर ट्रे घेऊन आली. प्रज्ञा. थांबली, एक हात कमरेवर.

“बाई! मोबाइल बघायचा न्हाई म्हणलं ना? न्हाई म्हणजे न्हाई! झोपा गुमान.”

बाई निमूट आडव्या झाल्या. मग काळ्या चष्म्याआडून माझ्याकडं तोंड करून, अगदी तृप्त आवाजात म्हणाल्या, “ऐकलंस? न्हाई म्हणाली. खरं हाय सगळं.”

आता माझी तुमच्याकडं एक मागणी आहे. टाळ्या नकोत, सही नको. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात यंदा एखादी पोरगी ॲडमिशनच्या घाईत असेल. कुणीतरी गोड माणूस तिला चकचकीत काहीतरी दाखवून म्हणत असेल, आजच द्या, उद्या मिळणार नाही. तिला उपदेश करू नका. ओरिजनल देण्याआधी एक दिवस काढा आणि तिच्यासोबत एसटीत बसा. ती चिडेल, खिडकीकडं तोंड करून बसेल, बसू द्या. जागेवर जाऊन तिलाच विचारू द्या, मला मधेच उठून जायचं असेल तर दरवाजा उघडा आहे का?

आणि जाताना डबा घ्या. जिन्यात बसून खायला.